लहुरादेवाचा भात
उत्तर प्रदेशातील संत कबीर नगर जिल्ह्यात, तळ्याकाठच्या लहुरादेवा येथे भाताचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी ते अभ्यासले. काळ निघाला इ.स.पू. ६४००च्या सुमाराचा. म्हणजे गंगेच्या खोऱ्यात तेव्हा भातशेती होती? इथे घाई नडते. कार्बन दाण्याचे वय सांगतो. तो पेरलेला होता की आपसूक उगवलेला, हे सांगत नाही. देवभात पिकताच गळतो, त्याच्या तुसाच्या बुडाशी गुळगुळीत व्रण राहतो. लागवडीचा भात झोडावा लागतो, म्हणून तिथला व्रण ओबडधोबड. एवढा मोठा दावा या सूक्ष्म व्रणावर तोललेला! आणि तूसच जळून गेले, तर तोही हरवतो. लहुरादेवाच्या सर्वांत जुन्या दाण्यांबाबत तज्ज्ञांत म्हणूनच अद्याप एकमत नाही.