ककोड्याची वाटणी

वाटणीत तांब्याचा बंब थोरल्या घरी गेला, सासूबाईंचा चांदीचा करंडाही गेला. त्याचं मला काही नाही. पण ककोड्याचे गड्डे आठवले की अजून डोकं तापतं.

उज्जैनला बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेल्या गोपाळ मंदिरामागे आमचा वाडा. परसात विहीर, तुळस आणि भिंतीवर चढवलेले ककोड्याचे वेल. पुण्या-मुंबईची करटोली ती हीच. वाडा विकला. जाऊबाई नानाखेड्याला गेल्या, आम्ही ऋषिनगरला. वेलही निम्मे-निम्मे, असं ठरलं.

ककोड्यात नर वेल वेगळा, मादी वेगळी, आणि फळ मादीलाच. दिवाळीनंतर वेल वाळतो, जमिनीत गड्डा तेवढा जिवंत राहतो. नुसत्या गड्ड्यावरून नर की मादी हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ते कळतं पावसाळ्यात. मादीच्या फुलाखाली इवलंसं काटेरी फळ आधीपासूनच असतं; नराला नुसता बारीक देठ आणि पानासारखी टोपी. तर जाऊबाईंनी श्रावणातच, वाटणीचं बोलणंही निघालं नव्हतं तेव्हा, मादीवेलांच्या काठ्यांना लाल धागा बांधून ठेवला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, महाकालचा आहे, असू दे." महाकालचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार? फेब्रुवारीत खणायला बसलो, खुरपं त्यांच्याच हातात. धाग्याच्या काठीखालचा प्रत्येक गड्डा त्यांच्या टोपलीत. मोठे गड्डे डोळा राखून उभे चिरले, कापाला राख चोळली, आणि चिरलेले दोन्ही भागसुद्धा त्यांच्याकडेच! "तुझ्याकडे जागा कमी गं." आणि मी शेजारी बसून राखेची वाटी धरली होती.

काळ्या मातीत पाणी साचलं की गड्डा कुजतो, म्हणून मी वरंबा घालून लावले. पहिल्या पावसाला उगवले, जाळी पिवळ्या फुलांनी भरून गेली. सगळे नर.

जर्मनीत बिअरसाठी हॉप्सचे वेल लावतात, त्यांच्यातही नर-मादी वेगळे. तिथे नर दिसला की उपटतात, कारण मादीची फुलं फलनावाचूनही कामाला येतात. ककोड्याचं तसं नाही. आठ-दहा माद्यांमागे एक तरी नर लागतोच. जाऊबाईंच्या अंगणात माद्याच माद्या, आणि फळ पोसायच्या आत पिवळं पडून गळायचं. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

मग फोन. "अगं, संध्याकाळची चार फुलं देशील का?" ककोडा उमलतो दिवेलागणीला; नराचं ताजं फूल तेव्हाच मादीच्या फुलावर टेकवायचं. द्यायची नाहीत असं मी ठरवलं होतं. दिली. अजून देते. भाऊजी स्कूटरवर डबा घेऊन येतात, त्यांना नाही म्हणवत नाही.

वेल वाटायचे असतील तर खुणा फुलावर असतानाच कराव्यात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, आणि वाटणीपत्रात लिहून घ्याव्यात. वकील हसेल, हसू दे.

यंदा मी मादीचा एक गड्डा मागितला. आला, पण खालचा तुकडा, डोळ्याशिवाय. फुटणार कुठून? वहिनींच्या लक्षात आलं नसेल, असं आमच्या घरातलेच म्हणतात. सून म्हणून आल्यापासून त्या गड्डे चिरताहेत! गणपतीत त्यांनी भरल्या ककोड्याची भाजी पाठवली. चांगली झाली होती. मुलांनी डबा पुसून खाल्ला.