हमीचा कागद

माणसाला उद्याची भीती वाटते आणि व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं. जगातला निम्मा व्यापार या दोन गोष्टींवर चालत असावा. घड्याळ घ्या, हमी आहे. मिक्सर घ्या, हमी आहे. मागे मी एक छत्री घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "काडीची गॅरंटी, कापडाची नाही." पाऊस कापडावर पडतो, काडीवर नव्हे, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. शिवाय आमच्या सोलापुरात छत्री उघडायचे प्रसंग वर्षातून येतात तरी किती!

पण यंदा भाद्रपदात माझ्यापुढे जो हमीचा कागद आला तो छत्रीचा नव्हता. तो होता ९२ हजार रुपयांचा, आणि एका जुन्या मोटारीच्या संदर्भातला. मोटारही साधी नव्हे. दोन दारं, दोनच आसनं, लाल रंग, आणि कळ दाबली की छप्पर घडी होऊन पाठीमागच्या पेटीत जाऊन बसणार. जर्मन बनावटीची, आठ वर्षं वापरलेली, एम. एच. १२ म्हणजे पुण्याची. कंपनीचं नाव सांगत नाही. उगाच तिची फुकट जाहिरात होईल.

आता एकसष्टीच्या माणसाला, त्यातून चादरीच्या व्यापाऱ्याला, ही दुर्बुद्धी कशी झाली असं तुम्ही विचाराल. १९९८ साली आपल्याच देशात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची उघडी मोटार निघाली होती. इंजिन रेनोचं, पण मोटार इथली. तिचं वर्तमानपत्रातलं चित्र मी दुकानातल्या गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं होतं. तेव्हा पोरं लहान, माग कर्जात, आणि वाहन म्हणजे स्कूटर. चित्र पिवळं पडत गेलं, इच्छा मात्र पडली नाही. गेल्या वर्षी छातीत कळ आली, डॉक्टरांनी एका नळीत जाळी बसवली. दवाखान्यात पडल्या पडल्या छताकडे बघताना माणूस जो जमाखर्च मांडतो, त्यात 'राहून गेलेलं' या सदरात ही एकच मोठी रक्कम दिसली. पुढे मागांची शेड विकली गेली. मुलामुलीचं देऊन झालं. उरलेल्यात मोटार बसत होती, पण जेमतेम.

पुण्याचा विक्रेता पोरगा गोड बोलायचा. "काका, गाडी एक नंबर आहे. पण एवढी एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, वर्षभर निर्धास्त." पितृपक्षात सौदा करायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. तोही म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो. पण कागद गाडीबरोबरच घ्यावा लागेल, मागाहून मिळणार नाही. म्हणजे विचार करायला पंधरवडा मिळाला, आणि विचाराला माणसंही भरपूर मिळाली.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एकोणीस लाखांची गाडी घेताय आणि ९२ हजारांना काय बघता?" हा युक्तिवाद फार फसवा असतो. मोठ्या आकड्याशेजारी उभा केला की मध्यम आकडा बुटका दिसतो. लग्नातल्या खर्चाचं हेच होतं, हे मुलीच्या बापाला मुलीने सांगायला नको होतं.

शेजारी निवृत्त वकील आहेत. त्यांनी कागद दोन वेळा वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "कायद्यात अट वेगळी आणि हमी वेगळी, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा त्यांनी समजावून सांगितला. सौद्याचा गाभा म्हणजे अट. ती मोडली तर माल परत करता येतो. हमी म्हणजे गाभ्याबाहेरचा करार. ती मोडली तर नुकसानभरपाई मागा, पण माल तुमच्याच गळ्यात. मे-जून १९३० मध्ये आमच्या गावाने मार्शल लॉ सोसला, आणि त्याच साली जुलैपासून हा कायदा लागू झाला. वर्ष सोलापूरकरांच्या पाठ असलेलं. कायदा मात्र मला इतक्या वर्षांच्या दुकानदारीनंतर कळला. ग्राहक संरक्षणाचा कायदा आता चांगला झाला आहे, असंही ते म्हणाले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे पुण्यात घेतलेल्या वस्तूची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. "पण ती तक्रार कागदात जे लिहिलंय त्याचीच. आणि यात काय काय लिहिलेलं नाही ते आधी बघा."

मग मी बघितलं. ब्रेकची पॅडं नाहीत, क्लच नाही, टायर, बॅटरी, रबरी नळ्या नाहीत, छपराचं कापड नाही. झिजणारं काही नाही. आणि आठ वर्षांच्या मोटारीत न झिजणारं असतं तरी काय? आधीपासूनचा दोष नाही. दुरुस्तीआधी मंजुरी हवी. प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्या कारखान्यातच हवं, आणि या मोटारीचा जवळचा कारखाना पुण्यात, म्हणजे मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत अडीचशे किलोमीटर. अपघात नाही, चोरी नाही. ते विम्याचं काम. विम्याचा कागद काढून पाहिला तर त्यात यांत्रिक बिघाड नाही. उरलं काय, तर इंजिनचा आतला भाग आणि गिअरबॉक्स. मात्र तेही थोडं नव्हे. अशा मोटारीचा गिअरबॉक्स संगणकावर चालतो, आणि तो गेला तर चार-पाच लाखांना खड्डा.

हे चार-पाच लाख रात्री माझ्या उशाशी येऊन बसू लागले.

त्या दिवसांत वडिलांची तिथी होती, म्हणून असेल, त्यांची एक गोष्ट सारखी आठवे. ते चादरीबरोबर कधी कागद देत नसत. एकदा लातूरकडचा एक शेतकरी सहा-सात वर्षं वापरलेली चादर घेऊन आला. मोर पार फिका पडलेला. "रंग पक्का म्हणाला होतात," तो म्हणाला. वडिलांनी चादर उजेडात धरली, बोटांत चोळून पाहिली आणि विचारलं, "वाळत कुठं घालता?" "पत्र्यावर." वडील हसले. "रंग आमचा, ऊन तुमचं. निम्मं निम्मं सोसू." निम्म्या पैशांत नवी चादर घेऊन माणूस गेला, आणि पुढे त्याच्या घरच्या दोन लग्नांचा आहेर आमच्याच दुकानातून गेला. माल विकणारा आणि घेणारा एकमेकांना पुन्हा भेटणार असले की हमी तोंडी चालते. पुण्याचा तो गोड पोरगा आणि मी पुन्हा भेटणार नव्हतो. म्हणून कागद हवा होता, आणि म्हणूनच त्या कागदावर विश्वास ठेवणं जड जात होतं.

या अविश्वासावर एका अमेरिकन पंडिताने शास्त्र उभारलं आहे. जॉर्ज अकरलॉफ त्याचं नाव. जुन्या मोटारीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा भीतीने किंमत पाडतो, चांगल्या मोटारीचा मालक चिडून बाजारातून निघून जातो, आणि बाजारात रद्दी तेवढी उरते. १९७० साली छापलेला हा निबंध त्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता (लेखकहो, धीर धरा), आणि २००१ साली त्याच माणसाला नोबेल पारितोषिक मिळालं. हमी हा या दुखण्यावरचा एक उपाय, असं तोही म्हणतो. पण उपाय केव्हा? विकणारा स्वतः जोखीम घेतो तेव्हा. इथे जोखमीची किंमत तो माझ्याकडूनच घेत होता, वर नफाही. शंभर गिऱ्हाइकांच्या दुरुस्त्यांपेक्षा शंभरांचे कागद महाग पडतात, म्हणून तर हा धंदा चालतो. चादरीच्या व्यापाऱ्याला एवढा हिशेब कळतो.

तरीही हिशेब कळणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. मी आमच्या मेस्त्रींना घेऊन पुण्याला गेलो. होटगी रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. बोलणं कमी, कान तयार. मोटार रात्रभर उभी राहिलेली असताना सकाळी पहिल्यांदा चालू करायची, असा त्यांचा हट्ट. गार इंजिनचा आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग यंत्र जोडून मोटारीच्या संगणकातले जुने दोष वाचले, वर चढवून पोट पाहिलं, पाणी फिरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडण्या दाबून पाहिल्या. म्हणाले, "मालक, ह्या जोडण्या आपल्या उन्हात टिकायच्या नाहीत. चैत्राच्या आत बदलू. बाकी गाडी सच्ची आहे." आणि हमीचा कागद दाखवला तेव्हा म्हणाले, "कागद काय गाडी ढकलतो का मालक?"

शेवटचा प्रश्न मात्र हिने विचारला. इतके दिवस ती गप्प होती. तिचं गप्प राहणं हे आमच्या घरात मतदानच असतं. शेंगांची चटणी कुटता कुटता म्हणाली, "अहो, ती पेटी गेली समजा. वर्षभर गाडी दारात उभी राहिली, तर घरातलं काय अडेल?"

मी विचार केला. दुकान अडणार नव्हतं; स्कूटर आहे. चूल अडणार नव्हती. मन अडलं असतं, पण त्याला आठ वर्षांची काय, सत्तावीस वर्षांची सवय होती. "काही नाही," मी म्हणालो.

"मग जे उभं राहून चालतं त्याला कशाला हमी?" ती म्हणाली. "जे एक दिवस उभं राहून चालायचं नाही, त्याचं बघा." आणि मुसळ तिने माझ्या छातीच्या दिशेने जरा हलवलं.

सगळ्या पंडितांना जे सांगता आलं नाही ते एका मुसळाने सांगितलं. आमचा दोघांचा आरोग्यविमा जुना, तुटपुंज्या रकमेचा होता. त्या ९२ हजारांतून तो वाढवला. तिथेही आधीच्या दुखण्याला थांबावं लागतंच. २०२४ पासून ही मुदत फार तर तीन वर्षांची केली आहे. वाढवलेल्या रकमेपुरती ती मलाही लागू. म्हणजे कंपनीच्या लेखी मीही 'आधीपासून दोष असलेली' वस्तूच. उरलेले पैसे हिच्या नावाने बँकेत ठेवले आहेत. मोटार बिघडली तर त्यातून देईन म्हणते. न बिघडली तर ते तिचे. तेव्हापासून मोटारीच्या प्रकृतीची चौकशी ती माझ्याइतक्याच आस्थेने करते.

दसऱ्याला मोटार दारात आली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. अमेरिकेत फसव्या मोटारीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. मेस्त्रींनी एकेका चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "घ्या मालक पुढं." चारही लिंबं चिरडली. ही शेजारच्या आसनावर बसली, पदर खोचला, आणि छप्पर उघडताना एवढंच म्हणाली, "सावकाश हं."