मामांची होडी

सोलापूरच्या माणसाने होडीवर लिहायला घेतलं की तुम्ही हसणार, हे धरूनच चाललोय. चार-चार दिवसांनी नळाला पाणी यायचं, त्या दिवसांत वाढलेली माणसं आम्ही. पण ते पाणी येतं उजनीतून, आणि उजनीच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्यात, माझे मामा मासे धरतात. 1980 साली धरण पूर्ण झालं. आजोबांची जमीन पाण्यात गेली आणि पुढे त्याच पाण्यावर मामांचं घर चाललं.

त्यांची होडी फायबरची, जुनी. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा सहज चढलो, तर डेकवर, म्हणजे आत पाय ठेवतो त्या सपाट भागावर, पाय किंचित खाली गेला. ओल्या पुठ्ठ्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"आरं, उन्हानं ढिलं पडलंय. वरनं एक फळी टाक, रंग मार. झालं!" मामा म्हणाले.

मी खिशातला रुपया काढला आणि डेकवर ठोकत निघालो. चांगल्या जागी टणटण आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करत गेलो. शेवटी बघतो तर सोलापुरी चादरीएवढा भाग आखला गेला होता! आणि त्याच्या बरोबर मधोमध स्क्रूची चार भोकं.

ती भोकं माझी होती. 2011 च्या दिवाळीत मामांना सावली हवी म्हणून मीच हौसेने छताचे पाइप बसवले होते. भोक पाडलं, स्क्रू पिळला, फोटो काढला. सिलिकॉन वगैरे भरायचं डोक्यातही आलं नाही.

फायबर स्वतः कुजत नाही. पण अशा डेकमध्ये वरखाली फायबरचा थर आणि मध्ये प्लाय असतो. भोकातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. ओलाव्यात बुरशी वाढते, प्लायचा भुगा होतो आणि वरचा थर मात्र रंगासकट ठणठणीत दिसतो. फळी टाकली असती तर कूज झाकली गेली असती, थांबली नसती.

मामा जाळी टाकतात तशी अधूनमधून पलीकडच्या काठाला माणसंही सोडतात. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे दोष कुजलेल्या डेकचा नव्हता, वाऱ्याचा होता. पण तेव्हापासून मामी दारात उभी राहून आभाळाकडे बघते. तिच्यासमोर "चालतंय की" म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग कामाला लागलो. कटरने वरचा थर तेवढाच कापून अलगद उचलला. आतून काळा, ओला चोथा निघाला, चहाच्या गाळासारखा. तो खरवडून आठ दिवस उघडं ठेवलं. आपलं ऊन इथे कामी आलं :) फायबरची धूळ मात्र अंगाला अशी खाजते की विचारू नका. तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

नवा प्लाय मरीनचा घेतला, कडांनाही रेझिन पाजलं आणि रेझिनमध्येच बसवला. पहिल्या दिवशी शहाणपणा करून दुपारी डबाभर इपॉक्सी एकदम कालवलं. पाच मिनिटांत डबा तापला, धुरायला लागला, आतला माल दगड! ऊन आहे म्हणून हार्डनर कमी घालू, हे पॉलिस्टर रेझिनला थोडंफार चालतं. इपॉक्सीचं माप ठरलेलं, ते मोडता येत नाही. मग पहाटे पाचला उठून वाटीवाटीने कालवायला लागलो. जुना थर परत बसवला, सांध्याच्या कडा जाडीच्या बारापट रुंद उतरत्या घासल्या आणि वर काचेचं विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिले.

शेवटी पाइपची भोकं. या वेळी मोठी पाडली, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरली, वाळल्यावर त्या भरावात स्क्रूचं भोक पाडलं. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी हे अर्ध्या दिवसाचं काम होतं.

रंग वाळल्यावर मामांना खरं सांगितलं, की कूज माझ्याच भोकांतून आली.

मामा म्हणाले, "ठावं हाय की. चार वरीस झालं, तितनंच पाणी झिरपताना बघतुय."

"मग बोलला का नाही?"

"तू हौसेनं बसवलं हुतंस रं."

मला काही बोलताच येईना. मामांनी माझ्याकडून रुपया मागून घेतला, वाकून अख्ख्या डेकवर ठोकून बघितला आणि परत दिला. मग मामीला हाक मारली, "ये गं, बस. चक्कर मारून येऊ." मी लाइफ जॅकेट पुढे केलं. कुरकुरत का होईना, दोघांनीही घातलं.