रविवारची दहा मिनिटं

पातूर, १४ जानेवारी

प्रिय वसंता,

तिळगूळ घे, गोड बोल. आज मी मात्र तुला जरा रागावणार आहे, म्हणून आधीच तोंड गोड करून ठेव.

तुझ्या विमानाचा फोटो मिळाला. १९७४ चं सेसना १७२! रेणुकामातेच्या टेकडीवर बसून आपण आभाळातली विमानं मोजायचो, आणि त्यातला एक जण आता स्वतःच्या विमानाला टेकून उभा. चष्मा पुसून पुसून पाहिलं. आईला दाखवला तर म्हणाली, ‘‘बाप्पा, एवढं जुनं कायले घेतलं त्यानं?’’ तिला सांगितलं, जुनं झालं म्हणून विमान मरत नाही, उभं राहिलं की मरतं.

आणि नेमकं तेच तू करतो आहेस. तू लिहितोस, थंडीत उडवणं होत नाही म्हणून दर रविवारी इंजिन दहा मिनिटं सुरू करून बंद करतो. गड्या, हे आधी थांबव. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. त्याची वाफ पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइल ऐंशीएक अंशांवर बराच वेळ तापलं तरच ती उडून जाते. दहा मिनिटांत, तेही तुझ्या कॅलगरीच्या थंडीत, ते कुठलं तापायला? म्हणजे दर रविवारी तू इंजिनाला थोडं थोडं पाणी पाजतो आहेस. त्यातून तुझं इंजिन लायकॉमिंगचं. त्याचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन थांबलं की ऑइल निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडतो. आधी गंज, मग बारीक खड्डे, मग लिफ्टरची घासाघीस, आणि सगळा चुरा ऑइलमध्ये.

आबांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन आठवतं ना? वीस वर्षं ठोक-ठोक करत चाललं. वीज आली, मोटर बसली, इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात जाम झालं. तसंच हे.

तेव्हा एक तर हवा चांगली बघून, इंजिन आधी बाहेरून गरम करून, तासभर उडव. नाही तर हात लावू नकोस. प्रोपेलर हातानं फिरवायचाही मोह नको, कॅमवर उरलेला ऑइलचा थर पुसला जातो. महिनोन्‌महिने उभंच राहणार असेल तर मेकॅनिककडून गंजरोधक ऑइल भरून घे आणि सिलिंडरना ओलावा शोषणारे प्लग लावून घे.

पुढच्या वेळी ऑइल बदलशील तेव्हा फिल्टर फेकू नकोस. कापायला लाव. आतला कागद पापडासारखा उलगडून उन्हात धर. काही चमकलं तर लोहचुंबक फिरव. चिकटला तो कण पोलादाचा, म्हणजे कॅमची शंका. एखाद-दुसऱ्या कणानं घाबरू नकोस, पण पुढच्या फिल्टरशी ताडून बघ. मी नोकरीभर हे कागद तारखेनिशी जपले.

आणखी एक. तुझं इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं. आता मिळतं ते निळं शंभर-एलएल, त्यात शिसं चौपट. जमिनीवर रेंगाळत चाललास की ते प्लगांवर बसतं. टॅक्सी करतानाच मिक्स्चर ओढून पातळ कर. आपल्याकडे हेच पेट्रोल वर्षानुवर्षं परदेशातून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याला बनवते. मला त्याचा केवढा आनंद झाला होता!

विमानांच्या दुरुस्तीतला माझा श्रीगणेशा मात्र पुष्पकवर झाला. एचएएलचं दोन माणसांचं विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालं, ९० अश्वशक्तीचं इंजिन. कापसाच्या मुलखातला मी, पण विमानाच्या पंखालाही कापड असतं हे तिथं पहिल्यांदा कळलं. पंख उभा करायचा, एका बाजूला उस्ताद आणि दुसऱ्या बाजूला मी. लांब सुई आरपार यायची, मी ती फासळीच्या पलीकडून परत घालायची. मेण लावलेला दोरा, ठरलेल्या अंतरावर गाठ. मग कापडावर डोप या रोगणाचे हात. तो वास दोन-दोन दिवस अंगाला राहायचा. डोप सुकलं की कापड हलगीसारखं ताणायचं, आणि उस्ताद टिचकी मारून, डोळे मिटून, कुठं ढिलं आहे ते सांगायचे. एकदा पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पेट्रोल काढलं, तर बाटलीत वर निळं आणि खाली बोटभर स्वच्छ पाणी. झाकणाचं रबर चिरलं होतं. तपासणीवर सही माझीच होती. तेव्हापासून रबराला नख लावून पाहिल्याशिवाय सही केली नाही.

परवा अकोल्याला जाताना मुद्दाम शिवणीच्या धावपट्टीवरून गेलो. १९४३ ची ती. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की इंजिनाच्या लेखी ती चिखलदऱ्याच्याही वर जाऊन बसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेच उडायचं ते यासाठी. बराच वेळ कुंपणाशी उभा राहिलो. एकही विमान नव्हतं. तिकडे अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर २०२५ च्या एप्रिलपासून मुंबईचं विमान येतं, आणि एअर इंडियाच्या वैमानिक शाळेसाठी ३४ विमानं मागवल्याचंही जाहीर झालंय. त्यातली एकतीस पायपर, एका इंजिनाची, आणि तीही डिझेल इंजिनवाली, जेटचं इंधन पिणारी. शिशाची कटकट नाही, ठिणगी पाडणारे मॅग्नेटोही नाहीत. वऱ्हाडातली पोरं तिथं पाना धरायला शिकली पाहिजेत, असं मला फार वाटतं.

वहिनींना नमस्कार. उडशील तेव्हा १७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघ आणि मला आकडे कळव. कुठलाही एक १२५ पेक्षा जास्त पडता कामा नये, दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको. डावा किती पडला, उजवा किती, दोन्ही लिही.

तुझा,
मधू