फाउस्ट कुठे आहे?

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सिकॅमोरच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं दुहेरी शिल्प आहे. समोर ताठ मानेचा, मगरूर मेफिस्टोफिलिस, म्हणजे सैतान. त्याच्या पाठीला मान खाली घातलेली, हाती प्रार्थनेचं पुस्तक धरलेली मार्गारेटा. ती दिसते मागच्या आरशात. ‘चांगलं आणि वाईट एकाच लाकडात’ हा त्याचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ मला अपुरा वाटतो. ही दोघं गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातली; त्याचा पहिला भाग १८०८चा. त्यात सैतानाशी सौदा करतो तो फाउस्ट. शिल्पात नेमका तोच नाही. मोहवणारा आहे, भोगणारी आहे, मोहात पडणारा गायब. माझ्या मते ती जागा बघणाऱ्यासाठी मोकळी आहे: आधी सैतानावर खिळणारी नजर त्याचीच.

कुणी म्हणेल, ही नुसती कारागिराची करामत. पण १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगवणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. बाहुलीतली करामत कथेच्या कामी आली की तिला कला म्हणायला आपण कचरत नाही. मग इथेच हात आखडता का? दुसरा आक्षेप परकेपणाचा. साताऱ्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’ आहे. राजा रविवर्म्याची चित्रं त्याच छपराखाली नांदतात. गोष्ट परक्या मुलखातली असेल. सौदा करताना किंमत दुसऱ्याच्या माथी मारायची खोड मात्र कुठल्याच मुलखाला परकी नाही.