सालीचा चहा

गेल्या हिवाळ्यात सूनबाईने नागपूरहून एक देखणे पुडके आणले. वर लिहिले होते 'हर्बल टी', आणि घटकांत पहिलेच नाव संत्र्याच्या सालीचे! किंमत मी चष्मा पुसून दोनदा वाचली. आमच्या हट्ट्याच्या घरी हे पेय माझ्या लहानपणी फुकट होत असे आणि मला त्याची लाज वाटे.

सूनबाई जबलपूरची, माहेरी हिंदी. मी 'साल' म्हटले की तिला वर्ष आठवते. बैहरकडच्या माणसाला सालवृक्ष. आमच्याकडे एकेका शब्दाची अशी तीन घरे असतात.

वडील नागपूरला गेले की परतताना गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीने हट्टा रोडला उतरत. पिशवीत संत्री असत. फोडी आम्ही भावंडे खात असू. साली आई गोळा करी. आंबिया बहार नोव्हेंबरपासून येतो, पण तिची खरी मदार मृग बहारावर. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा ऊन चांगले असते. साली धुऊन, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून, ती सुपात पसरी आणि वर जुन्या लुगड्याचा पातळ तुकडा टाकी. मोडताना कडकन आवाज झाला की बरणीत. पावसाळ्यात बरणीचे झाकण उघडे राहिले की बुरशी आलीच. चहाला दोन-तीन तुकडे, गवती चहाचे पाते, सुंठ आणि गूळ. चार-पाच मिनिटे पुरे. जास्त उकळले की कडू होते. दूध नाही. नव्हतेच, म्हणून नाही.

सालीवरच्या बारीक ठिपक्यांत तेल असते, सगळा वास त्याचा. चीनमध्ये अशीच साल 'चेनपी' म्हणून वर्षानुवर्षे मुरवतात, आणि जुनी झाली की ती महाग होते. मात्र सालीने सारे रोग पळतात असे पुरवण्यांत छापून येते, त्यावर माझा विश्वास नाही. आजच्या बागांत फवारणीही पुष्कळ. ती धुतल्याने सगळी जात नाही, म्हणून मी ओळखीच्या बागेतलीच संत्री घेतो.

मी सातवीत असताना वर्गशिक्षक घरी आले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा फॉर्म वडिलांच्या सहीसाठी होता. घरात चहापत्ती नव्हती. आईने सालीचा चहा पितळी पेल्यात आणला. गुरुजींनी पहिला घोट घेतला आणि ते थांबले. मी घाईने म्हणालो, "गुरुजी, हे औषध आहे. आईला वैद्यांनी सांगितलंय." आई दाराशीच उभी होती. ती काही बोलली नाही. गुरुजींनी पेला संपवला आणि आणखी मागितला.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावले. कागदाची एक पुडी हातात दिली. पाव किलो तरी चहापत्ती असेल. म्हणाले, "आईला दे. म्हणावं, औषधाबरोबर कधीतरी हेही घेत जा."

घरी येताना पुडी मी शर्टाच्या आत लपवली होती. आईने ती हुंगली, फडताळात ठेवली. मला वाटले, आता ती खोटे बोलल्याबद्दल रागावणार. तिने एवढेच विचारले, "गुरुजींच्या घरी किती माणसं हायेत रे?"

"पाच," मी म्हणालो.

तिने बरणी खाली काढली, साली निवडल्या, मोठे तुकडे बाजूला केले आणि धुतलेल्या फडक्यात बांधले. सुंठीचे दोन खडेही टाकले. दुसऱ्या दिवशी ते गाठोडे मी गुरुजींच्या टेबलावर ठेवले.

"काय रे हे?"

"औषध," मी म्हणालो.