आटणं, सुकणं, वाळणं आणि इंग्रजीतलं 'ड्राय अप'



इंदूरच्या रामबागेत आमच्या घराची ही पाचवी पिढी. नातवाची शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, आणि घरात कानावर पडेल तेवढी मराठी. परवा त्याला 'ड्राय अप' वापरून पाच वाक्यं करायची होती. अर्थ विचारला तर म्हणाला, "आजी, सूख जाना!" चूक नाही, पण तेवढ्यानं भागत नाही.

नदी, तळं, विहीर यांतलं पाणी संपत जातं, हा पहिला अर्थ. आपण म्हणतो, आटली. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७०च्या दशकाअखेर आलं. त्याआधी वाड्यातल्या विहिरीचाच आधार असायचा, आणि वैशाखात ती आटली की घागर अर्धीच वर यायची. पैसा, काम, गिऱ्हाईक यांचा ओघ थांबला तरी 'ड्राय अप'च. इथल्या कापड गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी घरांतली मिळकत अशीच आटली.

रंगमंचावर नट वाक्य विसरून गप्प उभा राहिला, तरी इंग्रज म्हणतो, 'ही ड्राइड अप'. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांत हे किती वेळा पाहिलंय! नटाचं ततपप होतं आणि प्रॉम्प्टरचा आवाज त्याच्याआधी तिसऱ्या रांगेला ऐकू येतो.

विलायतेत जेवणानंतर धुतलेली भांडी फडक्यानं पुसणं म्हणजेही 'ड्राय अप'. आणि कुणावर खेकसून नुसतंच "ड्राय अप!" म्हटलं, तर "तोंड बंद कर". हे आता जुनं झालंय, पण जुन्या गोष्टींत भेटतं. अंघोळीनंतर अंग पुसणं मात्र 'ड्राय ऑफ', आणि दारू सोडणं 'ड्राय आउट'.

मग त्या 'अप'चं काम काय? 'अप' म्हणजे इथे वर नव्हे, तर पार, शेवटपर्यंत. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'ड्राय अप' म्हणजे आटून गेलं, नाहीतर भांडी पुसून ठेव. इंग्रजी जे 'अप'कडून करून घेते, ते आपण टाकणं, जाणं, ठेवणं यांच्याकडून करून घेतो. हे सांगितल्यावर पोराला पटकन समजलं.

खरी पंचाईत पुढेच आहे. आपल्याकडे विहीर आटते, फूल सुकतं, कपडे वाळतात, घशाला कोरड पडते. दूध देईनाशी झालेली गायही आटते. नातवाला या सगळ्याला एकच शब्द येतो, सूखना. हिंदीवर माझा राग नाही, तिनंच आम्हाला इथे शेजारी दिले. पण वेगवेगळे शब्द गेले, की त्यांच्यातला फरकही दिसेनासा होतो.

पुण्याचे नातेवाईक आले की हसत म्हणतात, "तुमची मराठी वाळली हो!" मला ते लागतं. वाळलेल्या पानाला पुन्हा पालवी फुटत नाही. आमची मराठी आटली आहे, हे मी कबूल करते. पण विहिरीचा झरा जिवंत असेल तर गाळ उपसल्यावर पाणी येतं. आणि दूध आटतं तेव्हा कमी होतं खरं, पण दाट होतं. बासुंदी त्याचीच होते ना! आमच्या घरात पणजीचे कितीतरी शब्द अजून रोजच्या वापरात आहेत.

गाळ उपसायचा तो आपणच. रोज जेवताना पंधरा मिनिटं फक्त मराठी, एवढं आम्ही सुरू केलंय. पोरं कुरकुरतात, पण बोलतात.

बेळगाव, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादची मंडळी, तुमच्या घरात कोणते शब्द आटत चाललेत? खाली नक्की लिहा. एकेक शब्द वाचवू या.